भिंतीवरचा होम

आमच्या घराला आग उंदरानं लावली. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, आता खरं काय ते सांगा. खरंच सांगते. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या देवापुढं तुपाची वात लावायच्या, चांगली जाड, आणि तूप माझ्या माहेरचं, वणीकडचं, डबा उघडला की गल्लीला कळायचं. उंदराला वात दिसत नाय, त्याला तूप दिसतं. त्यानं ती वात तशीच जळती ओढली आणि पळाला, आणि पळून जाणार कुठं, तर गोधड्यांच्या ढिगात. घरात एवढी जागा होती, मोरी होती, माळा होता, पण त्याला गोधड्याच पायजे होत्या. आता माझी नातसून देवापुढं विजेचा दिवा लावते, लाल, बारका. मला तो आवडत नाय, पण मी काय बोलत नाय. उंदरानं बल्ब नेल्याचं अजून ऐकलं नाय.

घर पंचवटीत, गल्लीच्या आत. तीन खोल्या एकामागं एक, आगगाडीच्या डब्यासारख्या. पुढची बसायची, मधल्या खोलीत देव्हारा, गोधड्या आणि माझ्या मंदाचा पाळणा, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं भांडी घासायचा ओटा. मी ओट्यावर भांडी घासत होते. मी तेव्हा लय भित्री. चौथीतून शाळा सुटलेली, लग्न होऊन शहरात आलेली, अंगावर पिती पोर, आणि सगळ्याची भीती. स्टोला पंप मारताना डोळे मिटायची, सायकल आली तरी भिंतीला चिकटायची, मामंजी, म्हणजे सासरे, नुसते खाकरले तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं. तर मी भांडी घासत होते आणि मला वाटलं, कुणाचं तरी फडकं जळतंय. शेजारच्या भागाबाईचं असेल म्हणलं, ती वेंधळीच. मागं बघते तर स्वयंपाकघराच्या दारातून धूर असा येतोय, काळा, जाड, घोंगड्यासारखा, आणि मंदा आत.

मी ओरडले. म्हणजे मी तोंड उघडलं, आवाज आलाच नाय. पाय पण हलेनात. तेवढ्यात माझी नणंद शकूवन्सं शिवणक्लासहून आली, पुढच्या दारानं. तिनं काय विचारलं नाय, कुणाला हाक मारली नाय. पिंपातलं ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं, आत घुसली आणि मंदाला काखेत मारून मागच्या दारानं बाहेर आली. मंदा अख्खी काळी, नुसते डोळे पांढरे. ती रडली नाय. शिंकली. ती शिंक ऐकल्यावर माझा आवाज फुटला तो असा फुटला, की गल्ली जमली ती आग बघून नाय, माझ्या आवाजानं जमली. कुणी बादल्या आणल्या, कुणी हंडे, भागाबाईनं तर ताकाचं पातेलं आणून ओतलं. नंतर वर्षभर ती सांगायची, “तुमची आग माझ्या ताकानं विझली.” आग होतीच केवढी? गोधड्यांच्या ढिगाएवढी. पण गोधडी भडकत नाय, धुमसते. विस्तव मूठभर आणि धूर तीन खोल्या भरून.

लोकांना वाटतं आग वाईट. आग बरी हो, येते आणि जाते. धूर जात नाय. दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर घर घर राहिलेलं नाय. भिंती काळ्या, छत काळं, आणि कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं, जी एरवी दिसायची पण नायत, ती काजळीनं जाड होऊन काळ्या दोऱ्यांसारखी लोंबत होती. आत्याबाई आग सोडून त्या जळमटांकडं बघून म्हणाल्या, “दिवाळीला झाडलं होतंस ना?” मी ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला गेले तर काजळी निघायच्या ऐवजी पसरली, जिथं हातभर काळं होतं तिथं दोन हात झालं. कारण ती नुसती काजळी नसते, तिला चिकटा असतो, तेलकट. आणि वास! भाकरीला वास, दुधाला वास, पाण्याला वास. केस धुतले तरी वास. ह्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, सातपूरला कारखान्यात सोबतचे विचारायचे, काय रे, हुरडा खाऊन आला का? आणि हे म्हणायचे, “हो.” आमचे हे एवढंच बोलायचे. हो, नाय, आणि बघू.

गल्लीतली प्रत्येक बाई उपाय घेऊन आली. भागाबाई म्हणाली, कांदे अर्धे कापून ताटल्यांत घालून ठेवा, कांदा वास ओढून घेतो. ठेवले. मग घराला धुराचा पण वास आणि कांद्याचा पण. आत्याबाईंचं मत वेगळं, त्या म्हणाल्या धुराला धुरानंच मारायचं, आणि सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायला लागल्या, लिंबाचा पाला जाळायला लागल्या. मंदा खोकायची, मी तिला घेऊन ओट्यावर बसायची, आणि आतून आत्याबाई खोकत खोकत सांगायच्या, “आता बघ कसं मोकळं वाटतंय.”

पण खरा घोर वेगळाच होता. येत्या रविवारी शकूवन्संची सुपारी फुटायची होती. पिंपळगाव बसवंतचं स्थळ, कांद्याच्या व्यापारातली माणसं, मुलगी एका लग्नात बघून पसंत केलेली, आता घर बघायला आणि बोलणी पक्की करायला येणार. शकूवन्संना आधी दोन-चार जणांनी नको म्हणलेलं. रंगानं सावळी, आणि त्याहून वाईट म्हणजे फटकळ. एका पाहुण्यानं विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, तर ही म्हणाली, येतो, तुमच्याकडं कुणालाच येत नाय का? त्यामुळं हे स्थळ म्हणजे आत्याबाईंना देवानंच धाडलेलं वाटत होतं. आणि त्यात ही आग. लग्न ठरायच्या तोंडावर घरात आग लागणं म्हणजे केवढा अपशकुन, असल्या घरातली पोरगी कोण नेतो?

मामंजी मार्केटात अडत्याकडं मुनीम. बोलायला पक्के, आणि बोलायचे पण पुस्तकातल्यासारखं. त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, “आपल्या घरात आग लागलेली नाही. कळलं? आपल्या घरी होम झाला. होम म्हटलं की धूर आला, वास आला, सगळं आलं. वर पुण्य.”

शकूवन्सं वडिलांना दादा म्हणायची. ती म्हणाली, “दादा, भिंती बघा जरा. एवढा होम कोण करतं?”

“भिंतींचं मी बघतो.”

भिंतींचं बघायला रंगारी आणला. त्यानं बोट लावून बघितलं आणि म्हणाला, आधी सोड्यानं धुवायला लागंल, मग वाळू द्यायचं, मग चुना, तोवर पाहुण्यांना येऊ देऊ नका. आणि गेला. आत्याबाई माझ्याकडं वळल्या. घरात काय पण झालं की त्या शेवटी माझ्याकडंच वळायच्या. “शकूचं मोडलं ना, तर ही पोर उचल आणि वणीला जा तुझ्या आईकडं. तू आल्यापासून बघतेय, तुझा पायगुणच असा.” आता मला कळतं की घाबरलेलं माणूस असंच कुणावर तरी ओरडतं. तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं झालं, रविवारी संध्याकाळच्या वणीच्या गाडीत मी आणि मंदा. मी ह्यांना विचारलं, खरंच धाडतील का हो? हे म्हणाले, “बघू.”

त्या भीतीनंच माझ्या तोंडून निघालं, “आमच्याकडं पांढऱ्या मातीनं सारवतात.” मी त्या घरात न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य. आमच्या गावाकडं घटस्थापनेच्या आधी बाया खदानीतून पांढरी माती आणतात, भिजवतात, चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंती तिनं सारवतात, भिंती अशा पांढऱ्या होतात की दिवा न लावता उजेड वाटतो. मामंजींनी खुर्चीतच मांडीवर हात मारला. माझ्या भावानं एसटीच्या टपावर गोणीभर माती आणून दिली आणि मी लागले कामाला. पोर पाठीशी बांधलेली, हात कोपरापर्यंत मातीत, आणि मी गाणं म्हणत होते म्हणे, मला आठवत नाय, शकूवन्सं सांगते. शनिवारी दुपारपर्यंत पुढची खोली पांढरीशुभ्र. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, बघत होत्या, आणि म्हणाल्या, “बरं केलंस.” मला एवढा आनंद झाला की मी ओट्यावर जाऊन रडून आले.

मला कुणी सांगायला पायजे होतं. गावाकडची भिंत मातीची, माती मातीला धरते. आणि आमची चुलीची काजळी कोरडी. इथली भिंत सिमेंटची, घोटलेली, वर चिकट काजळीचा थर. त्यावर माती बसली होती ती नुसती पाहुणी म्हणून बसली होती.

रविवारी पाहुणे आले. तिघंच, नवरदेव, त्याचे वडील आणि आई. वडील मफलर आणि टोपी घातलेले, शांत, जपून बोलणारे. आई धिप्पाड, नऊवारी, आल्या आल्या तिनं नाकानं एक लांब श्वास घेतला तो मी पडद्याआडून बघितला. दिवस थंडीचे. नाशिकची थंडी, द्राक्षवाले बाग वाचवायला शेकोट्या करतात असली. आणि मामंजींनी काय करावं, वास जावा म्हणून छताचा पंखा लावला, पूर्ण जोरात. पाहुणे अंग चोरून बसले. नवरदेवानं हात काखेत घातले.

“पंखा जरा...” नवरदेवाचे वडील म्हणाले.

“नवा आहे,” मामंजी म्हणाले. “घ्या हवा.”

“कसला वास येतोय ओ?” आईनं विचारलं.

“होम होता आपल्याकडं. परवाच. नवचंडी.”

“असं का? गुरुजी कोन होते? आमचे उपाध्ये इथंच पंचवटीत राहत्यात.”

मामंजी क्षणभर पंख्याकडं बघत राहिले. “इथले नव्हते. काशीचे.”

“काशीहून बोलावले?” वडिलांनी टोपी सरळ केली. त्यांच्या मनात आमचं घर एकदम वर गेलं, ते मला दिसलं, आणि घर जेवढं वर जाईल तेवढं जोरात खाली येणार. आत्याबाई माझ्या शेजारी पडद्याआड देवाचं नाव घेत होत्या. मी पोह्याच्या ताटल्या बाहेर नेऊन दिल्या आणि पळत मागं आले.

“पोह्यांना बी होमाचा वास हाय,” नवरदेवाची आई म्हणाली.

“प्रसादाचेच म्हणा ना,” मामंजी म्हणाले.

आणि तेव्हा मला तो आवाज आला. कुर्र. पापड मोडल्यासारखा. मी वर बघितलं. पंख्याच्या वाऱ्यानं माझी माती वाळून भिंतीपासून सुटत होती, कडा वळत होत्या. एक बारका पोपडा सुटला, हवेत एक गिरकी घेतली आणि वडिलांच्या ताटलीत पडला. ते मामंजींशी बोलण्यात गुंग. त्यांनी चमचा भरला, तोंडात घातला, चावला. मी पडद्याचं टोक दातात धरलं.

“खोबरं,” ते सावकाश म्हणाले, “जरा जाड किसलंय.”

“आमच्याकडं तशीच पद्धत आहे,” मामंजी म्हणाले. त्या माणसाचा मी आयुष्यभर धाक घेतला, पण त्या दिवशी मला त्यांचं कौतुक वाटलं.

मग दुसरा पोपडा पडला. हा मात्र भाकरीएवढा, थेट नवरदेवाच्या डोक्यावर. फुटला, त्याच्या केसांवर, खांद्यावर, मांडीवर पांढरं. तो बिचारा तसाच बसून राहिला. आणि त्याच्या डोक्यामागं भिंतीवर जिथून तो निघाला होता तिथं काळंकुट्ट भोक पडल्यासारखं दिसायला लागलं. मग काय, एकानं वाट दाखवली की सगळे निघतात. कुर्र, कुर्र, टप, टप. नवरदेवाची आई उठली. भिंतीशी गेली, बोट घासलं, बोट बघितलं, बोटाचा वास घेतला.

“काय ओ,” ती म्हणाली, “होम भिंतीवर बसून केला का?”

मग मामंजी बारीक आवाजात म्हणाले, “आहुत्या जरा जास्त झाल्या.”

माझ्या हातातल्या पडद्याला हिसका बसला. शकूवन्सं चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली, ट्रे खाली ठेवला, आणि उभी राहूनच म्हणाली, “होम नाय झाला. आग लागली होती. उंदरानं देवाची वात नेली गोधड्यांत. वहिनीनं भिंती सारवल्या, ती माती पडतेय. चहाला पण वास येईल, दूध दोनदा बदललं तरी येतो. आता काय ते ठरवा.”

सगळ्यात आधी नवरदेवच बोलला. आल्यापासून पहिल्यांदा. “उंदीर मेला का?”

“नाय,” शकूवन्सं म्हणाली. “काल दिसला. मिशा जळल्यात.”

नवरदेव हसला. डोक्यावरची माती सांडेपर्यंत हसला. पण वडील उठले होते. रागावले नव्हते, तेच वाईट. गंभीर झाले होते. “पाव्हणं,” ते मामंजींना म्हणाले, “मानसं चांगली हात तुम्ही. पन सुपारीच्या आधी देवघरातच आग लागली म्हंजी... आपन थांबू. इचारू कुनाला तरी. बघू मग.” आणि ते दाराशी चपला शोधायला लागले. त्या घरात ‘बघू’ म्हणजे काय ते माझ्याइतकं कुणाला माहीत? आत्याबाई खालीच बसल्या, मटकन. आणि मला वणीची गाडी दिसली, समोर उभी.

मी बाहेर कधी गेले मला माहीत नाय. पदर कुठं, केस कुठं, काखेत मंदा. मी एका दमात जे बोलले ते असं काहीतरी, “बाबा आग देवानं नाय लावली उंदरानं लावली आणि अपशकुन म्हणता तर ही पोर बघा ही पाळण्यात होती मी आई असून माझे पाय हलले नाय आणि ह्या आत गेल्या धुरात काय दिसत नव्हतं गोणपाट घेऊन आणि हिला काढली आता ही जिवंत हाय खोकते पण जिवंत हाय मग हा कसला अपशकुन ज्या घरात ह्या जातील त्या घरातलं कुणी जळणार नाय एवढंच मला कळतं मी चौथी शिकलेय.” चौथीचं का सांगितलं देव जाणे. मग दम संपला आणि मी तिथंच उभी राहिले, आणि मंदा त्या आजोबांकडं बघून शिंकली.

वडिलांच्या हातात एक चप्पल होती. त्यांनी बायकोकडं बघितलं.

“ठेवा ती खाली,” ती म्हणाली. “बसा. आणि तो पंखा बंद करा कुनीतरी, मरनाचा गारठा पडलाय.” ह्यांनी पंखा बंद केला. पूर्ण दिवसात ह्यांनी केलेलं तेवढंच काम. मग ती मामंजींकडं वळली. “पोरगी आमाला पसंत हाय. आधीच होती, आता लय हाय. पन लग्नात तुमी बोलायचं नाय. काय बोलायचं ते हिला बोलू द्या.” आणि बोट माझ्याकडं.

मामंजींनी मान हलवली. तोंड उघडलं होतं, पण परत मिटलं.

“आता सुपारी फोडायची तर माझ्या लेकाच्या डोक्यावर घर पडायच्या आत फोडू,” म्हणत तिनं पदर खोचला आणि खराटा मागितला. सुटलेली सगळी माती पाडून टाकायची, मगच माणसं बसतील. मी म्हणलं, अहो तुम्ही पाहुण्या. ती म्हणाली, पाव्हनी तुजी माती व्हती, ती गेली. मग मी झाडू घेतला, शकूवन्संनी फडकं घेतलं, आत्याबाई पण उठल्या, भागाबाई खिडकीतून बघतच होती, ती न बोलावता आली आणि येताना ताकाची गोष्ट सांगत आली. पुरुष गल्लीत जाऊन उभे राहिले. नवरदेवाला बाहेर धाडला तर तो परत येऊन विचारायचा, “वरचं हाताला येतंय का तुम्हाला?” आणि शकूवन्सं म्हणायची, “येतंय, तुम्ही डोकं झटका आधी.”

आता मुलगा म्हणतो, असलं काय झालं तर फोन करायचा, माणसं येतात, मशीन आणतात, दोन तासांत घर स्वच्छ. येत असतील. पण मशीनबरोबर हसता येत असेल का मला माहीत नाय. आम्ही त्या दिवशी एवढ्या हसलो की मंदा दचकून रडायला लागली. ते काशीचे गुरुजी कुणी काढले की पुन्हा पहिल्यापासून.

सुपारी फुटली तेव्हा भिंती उघड्या, काळ्या, ओरखडे पडलेल्या, आणि आम्ही सगळ्या बाया कोळशाच्या वखारीतून आल्यासारख्या. हात धुतले, पण ती काजळी, ती कुठं निघते. नवरदेवाच्या आईनं शकूवन्संना कुंकू लावलं तर कुंकवाच्या खाली तिच्या बोटाचा काळा ठसा उमटला. ती चपापली. एवढं सगळं होऊन ती पहिल्यांदाच चपापली, पदरानं पुसायला गेली, तर आत्याबाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, “राहू द्या विहीणबाई. तीट लागली. आता कुणाची नजर लागायची नाय माझ्या पोरीला.”

पाहुणे गेल्यावर मी खोली झाडत होते. आत्याबाई आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता मातीचं काढणार. मी झाडू घट्ट धरला.

“तुझ्या पण कपाळाला लागलंय काळं,” त्या म्हणाल्या.

मी पुसायला पदर उचलला.

“असू दे,” त्या म्हणाल्या, आणि मंदाला माझ्याकडून घेऊन ओट्यावर गेल्या.